अमेरिकन लॉ प्रोफेसरचं चरित्र मराठीत लिहायचंय? मग सीव्ही उतरवायच्या आधी हे वाचा

अमेरिकेतल्या कुठल्याही लॉ स्कूलच्या साइटवर प्रोफेसरचं पान उघडलं की खाली सीव्ही असतो, पंधरा-वीस पानांचा, मोठं नाव असेल तर पन्नास पानांचा पण. आणि ज्याला मराठीत त्या व्यक्तीची ओळख लिहून द्यायची असते तो काय करतो, तर तो सीव्ही वरून खाली उतरवत जातो, अमुक साली पदवी, तमुक साली नेमणूक, मग लेखांची यादी, मग पुरस्कार, झालं. मी पण सुरुवातीला तेच केलं. तीन-चार ओळखी लिहून झाल्यावर सगळ्या एकत्र वाचल्या तर नावं सोडून सगळं सारखंच, वाचणाऱ्याला कळणारच नाही की या माणसाने आयुष्यभर नेमकं केलं काय.

आता बरीच वर्षं हे काम करतेय त्यामुळे एक गोष्ट अगदी खात्रीने सांगते. या लोकांच्या मागे बहुतेक वेळा एकच प्रश्न लागलेला असतो. तीस-चाळीस वर्षं तोच प्रश्न, कधी वर्गात, कधी लेखात, कधी कोर्टात. तो प्रश्न आधी शोधायचा आणि मग सीव्ही वाचायचा, उलटं नाही.

उदाहरण घेऊ एलिझाबेथ वॉरन यांचं, कारण आज त्यांना सगळे सिनेटर म्हणून ओळखतात आणि आधीची तीसेक वर्षं त्या लॉ प्रोफेसर होत्या हे एका ओळीत उरकलं जातं. सीव्हीप्रमाणे बघितलं तर ह्यूस्टन विद्यापीठाची पदवी १९७०, रटगर्स लॉ स्कूल १९७६, मग रटगर्स, ह्यूस्टन, टेक्सस, पेनसिल्व्हेनिया, आणि १९९५ पासून हार्वर्ड. नुसती गावं बदलतायत. पण त्यांचा प्रश्न होता, साधी कुटुंबं दिवाळखोरीत जातात ती का. १९७८ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा नवा कायदा आला आणि त्यानंतर वॉरन, समाजशास्त्रज्ञ टेरेसा सलिव्हन आणि कायद्याचे प्रोफेसर जे वेस्टब्रुक अशा तिघांनी कोर्टाकोर्टात जाऊन खऱ्या दिवाळखोरांच्या फायली वाचून काढल्या, म्हणजे कायद्याच्या पुस्तकात डोकं घालून बसण्यापेक्षा फायलीतले आकडे मोजले. वॉरन यांनी स्वतः नंतर सांगितलंय की त्यांना आधी वाटत होतं की लोक सिस्टिमला फसवतात आणि ते आपण उघड करू, पण फायलीत दिसली ती नोकरी गेलेली, आजारपण आलेलं, घटस्फोट झालेला अशी कामकरी कुटुंबं. त्यांचं मत तिथे पलटलं. आता हे एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप जोडलं जातं. २००७ मध्ये त्यांनी लिहिलं की टोस्टर विकताना सुरक्षा तपासतात मग कर्ज विकताना का नाही, त्यासाठी एक सरकारी संस्था हवी, २०१० च्या डॉड-फ्रँक नावाच्या वित्तीय सुधारणा कायद्यात ती संस्था आली, २०११ मध्ये सुरू झाली, आणि २०१२ ला त्या सिनेटवर निवडून आल्या. हे करिअर बदललं असं नाही, तोच प्रश्न वर्गातून उठून संसदेत गेला. सीव्ही उतरवून हे कधीच दिसलं नसतं.

शब्द जिथे फसवतात

प्रश्न कसा शोधायचा ते सांगतेच, पण आधी शब्द, कारण इथे आपण मराठी लिहिणारे सगळ्यात जास्त चुकतो. अमेरिकन लॉ स्कूलची एक स्वतःची भाषा आहे आणि डिक्शनरी तिथे काही कामाची नाही.

सगळ्यात मोठी चूक क्लर्क. मी एका लेखात लिहिलं होतं की "सुरुवातीला ते कोर्टात कारकून होते" आणि ते छापून पण आलं, मग एका वकील वाचकांचं सविस्तर पत्र आलं आणि मला खरंच वाईट वाटलं कारण मी त्या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा टप्पा कारकुनी करून टाकला होता. लॉ क्लर्क म्हणजे लॉ स्कूलमधून नुकताच बाहेर पडलेला, बहुधा वर्गात अगदी वरच्या नंबरातला विद्यार्थी, जो एक किंवा दोन वर्षं एखाद्या न्यायाधीशाच्या हाताखाली काम करतो, अर्ज वाचतो, संशोधन करतो, निकालाचे मसुदे तयार करतो. सुप्रीम कोर्टात एका न्यायमूर्तीला सहसा वर्षाला चार क्लर्क, म्हणजे सगळ्या देशातून जेमतेम तीन डझन. प्रोफेसर व्हायच्या वाटेवरची ही मोठी पायरी. म्हणून सरळ "लॉ क्लर्क" लिहा आणि पहिल्यांदा आलं की एका वाक्यात समजावून सांगा. आणि कोणाचे क्लर्क ते नक्की लिहा, कारण न्यायाधीश आणि क्लर्क यांचं नातं पुढे आयुष्यभर टिकतं. वॉरन यांनी क्लर्कशिप केली नव्हती, हे पण सांगण्यासारखं आहे, त्या काळात आणि आजही हार्वर्डला पोचणाऱ्यांत असे कमी.

मग पदव्या. जेडी म्हणजे ज्युरिस डॉक्टर, नावात डॉक्टर आहे म्हणून "डॉ." लावू नका, ही वकिलीची पहिलीच पदवी, फक्त ती चार वर्षांच्या कॉलेजनंतर तीन वर्षांची असते. आणि जुन्या लोकांच्या नावापुढे एलएलबी दिसेल, ती पण तीच पदवी, १९६० च्या दशकात बहुतेक लॉ स्कूल्सनी एलएलबीचं नाव बदलून जेडी केलं, हार्वर्डने १९६९ ला. म्हणजे पुढे सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांची कोलंबियाची १९५९ ची एलएलबी आणि वॉरन यांची १९७६ ची जेडी, दोन्ही एकाच पातळीच्या. खरी संशोधनाची डॉक्टरेट म्हणजे एसजेडी किंवा जेएसडी, आणि ती नसतानाही माणूस पूर्ण प्रोफेसर होतो, तिथे ते अगदी नॉर्मल आहे. हल्ली नव्याने लागणाऱ्यांत अर्थशास्त्र, इतिहास वगैरेची पीएचडी असणारे पुष्कळ दिसतात, तर तो पिढीचा फरक तुमच्या लेखात आला तर बरं.

व्हिजिटिंग प्रोफेसर हा शब्द मला फार आवडतो कारण त्याच्यात चार वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. कधी कोणी रजेवर गेलं म्हणून एक वर्ष वर्ग घ्यायला बोलावलेलं असतं. कधी कायमची नोकरी द्यायच्या आधी वर्षभर पारखून बघायला बोलावतात, वॉरन १९९२ ला हार्वर्डला आधी अशा एक वर्षासाठी गेल्या आणि १९९५ ला कायमच्या. कधी नवख्या माणसाला लेख लिहायला वेळ मिळावा म्हणून दोन वर्षांची नेमणूक असते. आणि कधी, डेरिक बेल यांच्यासारखं (त्यांच्याबद्दल पुढे सांगते), माणूस न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत जवळपास वीस वर्षं व्हिजिटिंगच राहतो. "पाहुणे प्राध्यापक" लिहून मोकळं होऊ नका, कुठला प्रकार ते शोधा.

लेक्चरर पण तसंच. बराक ओबामा शिकागो विद्यापीठात १९९२ ते २००४ राज्यघटनेचा कायदा शिकवायचे, आधी लेक्चरर, १९९६ पासून सीनियर लेक्चरर, म्हणजे टेन्युअरच्या, कायमच्या नोकरीच्या, वाटेवर नव्हते. पुढे निवडणुकीत त्यांना प्रोफेसर म्हणायचं की नाही यावर वाद झाला तेव्हा लॉ स्कूलनेच जाहीर केलं की आमच्याकडे सीनियर लेक्चरर हे प्रोफेसरच समजले जातात. एका शब्दावरून एवढं होऊ शकतं, म्हणून पद लिहिताना जसं आहे तसं लिहा, तुमच्या मनाने वर-खाली करू नका.

चेअर म्हणजे खुर्ची नाही आणि अध्यक्षपद पण नाही. हार्वर्डला वॉरन "लिओ गॉटलिब प्रोफेसर ऑफ लॉ" होत्या, म्हणजे लिओ गॉटलिब या नावाने ठेवलेल्या मानाच्या पदावर होत्या. मराठीत हे गडबडीने लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं गॉटलिब हे कोणी दुसरे प्रोफेसर आहेत.

रिपोर्टर हा तर गळ टाकून बसलेला शब्द. १९२३ मध्ये अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट स्थापन झाली, त्यांचं मोठं काम म्हणजे वेगवेगळ्या राज्यांतल्या निकालांतून पसरलेला कायदा गोळा करून नीट कलमवार मांडायचा, त्याला रीस्टेटमेंट म्हणतात, आणि तो मसुदा लिहिणाऱ्या प्रोफेसरला रिपोर्टर म्हणतात. बर्कलीच्या लॉ स्कूलचे डीन विल्यम प्रॉसर टॉर्ट्सच्या, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान केल्याबद्दलच्या दिवाणी जबाबदारीच्या कायद्याच्या, दुसऱ्या रीस्टेटमेंटचे रिपोर्टर होते, त्यातलं १९६५ चं कलम ४०२-ए म्हणजे सदोष वस्तू विकली तर विकणाऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध न करताही तो जबाबदार, आणि एकामागून एक राज्यांच्या कोर्टांनी ते उचललं. ते कायदा नव्हतंच, एका प्रोफेसरच्या हाताखाली तयार झालेलं मांडणीचं कलम होतं! आता अशा माणसाला तुम्ही "बातमीदार" लिहिलंत तर काय राहिलं.

बाकी लहान-सहान पटकन सांगते. लॉ रिव्ह्यू म्हणजे विद्यार्थी चालवतात ते संशोधन नियतकालिक, लेख निवडणारे पण विद्यार्थीच, हे आपल्याकडे कोणाला खरंच वाटत नाही म्हणून स्पष्ट लिहा, आणि शिकत असताना त्याच्या संपादक मंडळावर असणं हा मान असतो. आर्टिकल म्हणजे दोन पानी लेख नाही, पन्नास-साठ पानं आणि दोन-तीनशे तळटीपा. केसबुक म्हणजे निवडक निकाल आणि त्यावरचे प्रश्न असलेलं वर्गातलं पुस्तक, ही पद्धत ख्रिस्तोफर लँगडेल यांनी हार्वर्डला १८७० नंतर आणली. अ‍ॅमिकस ब्रीफ म्हणजे खटल्यात पक्षकार नसलेल्याने कोर्टाला दिलेलं लेखी म्हणणं, प्रोफेसर लोक गटाने सह्या करून देतात, तर सही करणं आणि स्वतः लिहिणं यात फरक करा.

टेन्युअर नीट समजावा

एवढी एक गोष्ट वाचणाऱ्याला समजली नाही तर चरित्रातला अर्धा ताण हरवतो. प्रोफेसर लागतो तेव्हा असिस्टंट किंवा असोसिएट म्हणून, मग साधारण पाच ते सात वर्षांत त्याचे लेख बाहेरच्या विद्यापीठातल्या जाणकारांकडे पाठवून मत मागवतात, फॅकल्टी मतदान करते, आणि टेन्युअर मिळालं की सबळ कारणाशिवाय काढता येत नाही. नाही मिळालं तर सहसा ती जागा सोडावी लागते. टेन्युअरचा मूळ हेतू असा की माणसाने सत्तेला, धनिकांना, स्वतःच्या विद्यापीठाला न आवडणारं लिहिलं तरी त्याची भाकरी जाऊ नये. म्हणून टेन्युअरचं साल शोधायचंच आणि त्याच्या आधी काय लिहिलं, नंतर काय लिहिलं ते शेजारी ठेवून बघायचं. बऱ्याचदा धाडसी लिखाण नंतर सुरू होतं. आणि जो आधीच लिहितो त्याचं मोल वेगळं.

मग तो प्रश्न सापडतो कुठे

पहिली जागा, ज्याच्याकडे कोणी बघत नाही, म्हणजे लेखाची पहिली तळटीप. नावापुढे चांदणी असते, खाली आभार असतात, कोणी मसुदा वाचला, कुठल्या कार्यशाळेत मांडला, कुठल्या विद्यार्थ्यांनी मदत केली. पाच-सहा लेखांतल्या या टीपा ओळीने वाचल्या की माणसाचे गुरू, मित्र, आणि विचारांचे विरोधक पण कळतात, कारण चांगले लोक विरोधकांना पण मसुदा देतात.

दुसरी जागा म्हणजे कोणते विषय शिकवले. पहिल्या वर्षाचे ठरलेले विषय, काँट्रॅक्ट्स, टॉर्ट्स, प्रॉपर्टी, सिव्हिल प्रोसीजर, क्रिमिनल लॉ, हे तर वाटून दिलेले असतात. पण सेमिनार, म्हणजे थोड्या विद्यार्थ्यांचा चर्चेचा वर्ग, त्याचा विषय माणूस स्वतः निवडतो. ज्या साली नवीन सेमिनार सुरू झालं तिथे बोट ठेवा.

तिसरी जागा, सालांमधली फट. दोन वर्षं काहीच छापलं नाही, अचानक विद्यापीठ बदललं, पगाराशिवाय रजा. तिथे गोष्ट असते.

गिन्सबर्ग यांच्यावर हे तिन्ही लावून बघू. कोलंबियातून १९५९ मध्ये वर्गात पहिल्या नंबराला बरोबरीने पास, हार्वर्ड आणि कोलंबिया दोन्हीकडे लॉ रिव्ह्यूवर, आणि तरी नोकरी नाही, सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी बाई आहे म्हणून क्लर्कशिप दिली नाही. शेवटी प्रोफेसर जेराल्ड गुंथर यांनी न्यायाधीश पाल्मिएरी यांच्याकडे अक्षरशः हट्ट धरला तेव्हा क्लर्कशिप मिळाली. मग दोन वर्षं कोलंबियाच्या एका प्रकल्पात, त्यासाठी स्वीडिश शिकल्या, स्वीडनच्या दिवाणी प्रक्रियेवर पुस्तक लिहिलं सहलेखकाबरोबर. सीव्ही उतरवणारा इथे म्हणेल "स्वीडिश कायद्याच्या अभ्यासक". पण फटीत बघा, स्वीडनमध्ये त्यांना लहान मुलं असलेल्या नोकरी करणाऱ्या बायका सर्रास दिसल्या आणि त्यावरची चर्चा ऐकायला मिळाली. १९६३ ला रटगर्सला लागल्या तेव्हा पगार कमी कारण नवऱ्याला चांगली नोकरी आहे, असं कारण देण्यात आलं. करार वर्षावर्षाचा होता म्हणून दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी सासूबाईंचे मोठे कपडे घालून पोट झाकलं. पुढे तिथल्या महिला प्राध्यापकांनी समान पगारासाठी दावा केला आणि पगार वाढवून घेतले. टेन्युअर १९६९. आणि १९७० ला, विद्यार्थिनींनी मागणी केली म्हणून, स्त्रिया आणि कायदा हा सेमिनार. शिकवत होत्या सिव्हिल प्रोसीजर, पण बोट ठेवायचं ते इथे. टेन्युअरच्या पुढच्याच वर्षी.

त्यानंतर सगळं वेगाने घडतं. १९७१ ला रीड विरुद्ध रीड, आयडाहोमध्ये मयताची मालमत्ता बघायला बाईपेक्षा पुरुषाला पसंती देणारा कायदा होता तो सुप्रीम कोर्टाने रद्द केला, त्यातलं लेखी म्हणणं गिन्सबर्ग यांनी लिहिलं होतं, आणि त्याच्या पहिल्या पानावर त्यांनी पॉली मरी आणि डॉरथी केनियन या दोन आधीच्या पिढीतल्या वकिलांची नावं टाकली, ज्यांनी त्या खटल्यात काम केलंच नव्हतं, पण विचार त्यांचा होता म्हणून. मला विचाराल तर त्यांच्या स्वभावाबद्दल पन्नास विशेषणं लिहिण्यापेक्षा हे एक पान जास्त सांगतं. म्हणून ब्रीफची पहिली पानं बघत जा. १९७२ ला कोलंबिया लॉ स्कूलमध्ये टेन्युअर मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री, त्याच साली एसीएलयू या नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संस्थेचा स्त्री हक्क प्रकल्प, १९७४ ला दोघांबरोबर लिंगभेदावरचं केसबुक, आणि १९७३ ते १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टात सहा खटले उभं राहून लढवले, पाच जिंकले. त्यातला एक विधुर बापाचा होता, बायको बाळंतपणात गेली आणि सोशल सिक्युरिटीचा भत्ता फक्त विधवांना मिळायचा. कायदा बाईला "संरक्षण" देतो म्हणताना पुरुषालाही मारतो आणि बाईच्या कमाईची किंमत पण कमी करतो, हे पुरुषाच्या तोंडून दाखवायचं. ही वर्गात मुरलेल्या शिक्षिकेची पद्धत आहे, एक-एक केस क्रमाने लावायची. १९८० ला त्या अपील कोर्टावर गेल्या तिथे प्रोफेसरकी संपली, पण फक्त मुलांना घेणाऱ्या व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटला मुलींना प्रवेश द्यायला लावणारा त्यांचा १९९६ चा निकाल वाचला की तो सेमिनार अजून चालू आहे असंच वाटतं.

सगळे जिंकत नाहीत, ते पण लिहा

डेरिक बेल यांच्याबद्दल लिहिताना लोक "हार्वर्ड लॉ स्कूलचे पहिले टेन्युअर मिळालेले कृष्णवर्णीय प्रोफेसर, १९७१" एवढ्यावर थांबतात. आणि इथेच मला त्रास होतो, कारण बेल यांचं आयुष्य मिळालेल्या पदांपेक्षा सोडलेल्या पदांनी कळतं. १९५९ मध्ये न्याय खात्याने एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व सोडा म्हटलं तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. मग एनएएसीपीच्या कायदे विभागात, दक्षिणेतल्या शाळांत गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एकत्र शिकावीत यासाठीचे तीनशेच्या वर खटले त्यांच्या देखरेखीखाली. पुढे ओरेगनला डीन होते, तिथल्या फॅकल्टीने एका आशियाई-अमेरिकन स्त्रीला नोकरी द्यायचं नाकारलं म्हणून १९८५ ला डीनपद सोडलं. १९९० ला हार्वर्डमध्ये एकही कृष्णवर्णीय स्त्री टेन्युअरवर नाही म्हणून बिनपगारी रजा घेतली, दोन वर्षांनी परत आले नाहीत आणि जागा गेली. तिथे पहिली कृष्णवर्णीय स्त्री टेन्युअरवर आली ती १९९८ ला, लानी गिनिअर.

आता प्रश्न काय होता त्यांचा? तीनशे खटले हाताळून, त्यातले कित्येक जिंकून त्यांनी बघितलं की निकाल मिळतो आणि मुलांची शाळा तशीच राहते. १९८० च्या हार्वर्ड लॉ रिव्ह्यूतल्या लेखात त्यांनी मांडलं की शाळांतली वर्णावरून केलेली फाळणी घटनाबाह्य ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा १९५४ चा ब्राउन निकाल आला तो तेव्हा गोऱ्यांचं हित पण त्यात जुळत होतं म्हणून, आणि जुळणं संपलं की प्रगती थांबते. ज्याने स्वतःचा घाम त्या खटल्यांत ओतला त्याने हे लिहिलंय, हे सांगितल्याशिवाय लेखाचं वजन कळत नाही. आणि त्यांच्यावर टीका पण भरपूर झाली, फार निराशावादी, आकड्यांऐवजी कथा सांगतात वगैरे, ती टीका करणारे पण नावाजलेले प्रोफेसर होते, तर ती बाजू दोन ओळीत नाही, नीट परिच्छेदभर द्या. चरित्र म्हणजे सत्कार समारंभ नाही.

विद्यार्थी मोजा, लेख नाही

काही प्रोफेसर असे असतात की लेखांच्या यादीत सापडणारच नाहीत. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. हार्वर्ड लॉ रिव्ह्यूचे पहिले कृष्णवर्णीय संपादक, तिथूनच एसजेडी. १९२९ ते १९३५ वॉशिंग्टनच्या हॉवर्ड (हार्वर्ड नव्हे) लॉ स्कूलचे व्हाइस-डीन. आता "उपअधिष्ठाता" असं लिहून पुढे गेलात तर चुकलंच, कारण स्कूल प्रत्यक्षात तेच चालवत होते, संध्याकाळचे वर्ग बंद करून पूर्ण वेळेचं स्कूल केलं, मान्यता मिळवली, इतके कडक की विद्यार्थी वैतागायचे. १९३३ च्या वर्गात पहिला आलेला विद्यार्थी म्हणजे थर्गुड मार्शल, पुढे सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. गुरू-शिष्यांनी मिळून मेरिलँड विद्यापीठाच्या लॉ स्कूलचं दार कृष्णवर्णीयांना उघडायला लावणारा खटला जिंकला, तेच लॉ स्कूल जिथे मार्शल यांनी वर्णामुळे अर्जच केला नव्हता. ह्यूस्टन १९५० ला गेले, ब्राउनचा निकाल बघायला चार वर्षं कमी पडली. अशा माणसाचं चरित्र लिहायचं तर विद्यार्थ्यांची यादी काढा, ते पुढे कुठे गेले, कुठल्या खटल्यात कोण कोणाबरोबर उभं होतं ते बघा. फार वेळ जातो यात, पण दुसरा मार्ग नाही.

साहित्य कुठून आणायचं

मी ज्या क्रमाने जाते तो सांगते. आधी सीव्ही, पण फक्त सांगाडा म्हणून. मग एसएसआरएन नावाच्या साइटवर लेखांच्या मसुद्याच्या प्रती फुकट मिळतात, जुने अंक हाइनऑनलाइनवर, त्याला पैसे लागतात पण बऱ्याच विद्यापीठांच्या लायब्ररीत असतं. संदर्भ "९३ हार्व. एल. रेव्ह. ५१८" असा दिसला की घाबरू नका, पहिला आकडा खंड, शेवटचा आकडा पान, साल वेगळं दिलेलं असतं.

सुप्रीम कोर्टात बोललेल्या प्रोफेसरचा आवाज ऐका, हे मी हात जोडून सांगते. ऑक्टोबर १९५५ पासूनच्या युक्तिवादांचं रेकॉर्डिंग झालेलं आहे आणि ओयेझ नावाच्या साइटवर ऐकायला मिळतं. १७ जानेवारी १९७३ चा फ्रंटिएरो खटला लावा, सैन्यातल्या बाईच्या नवऱ्याला भत्ते मिळण्याचा, जो त्या बाईने जिंकला, गिन्सबर्ग यांचा तिथला पहिला युक्तिवाद, दहा-एक मिनिटं बोलतात आणि एकही न्यायमूर्ती मध्ये प्रश्न विचारत नाही. कागदावर वाचून ती शांतता कळत नाही.

कोणी न्यायाधीशपदासाठी नेमलं गेलं असेल तर सिनेटच्या न्याय समितीला दिलेली प्रश्नावली वाचा, त्यात भाषणं, लेख, खटले सगळं स्वतःच्या हाताने भरलेलं असतं. निधन झालेल्यांसाठी लॉ रिव्ह्यू श्रद्धांजलीचे अंक काढतात, ते वाचायचे पण सावधपणे, तिथे प्रेमाने लिहिलेलं असतं, वाद झाकलेले असतात. कागदपत्रांचे संग्रह लायब्ररीत असतात, गिन्सबर्ग यांचे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, त्याची सूची ऑनलाइन बघता येते आणि सूची वाचूनच कधीकधी धागा लागतो.

जिवंत व्यक्तीबद्दल लिहिताना घर, मुलं, तब्येत हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं असेल आणि कामाशी संबंध असेल तरच. विद्यार्थ्यांनी प्रोफेसरला दिलेले रेटिंग, वर्गातल्या गप्पा, हे तर अजिबात घेऊ नका, एका वैतागलेल्या मुलाचा राग कायमचा छापला जातो.

लिहायला बसल्यावर

जन्मापासून सुरुवात करू नका. ज्या क्षणी तो प्रश्न पहिल्यांदा समोर आला तिथून सुरू करा, वॉरन यांच्यासाठी कोर्टातल्या फायली, गिन्सबर्ग यांच्यासाठी रटगर्सचा पगार, बेल यांच्यासाठी न्याय खात्याचा राजीनामा. मग मागे जा. कोर्टांची उतरंड एकदाच सांगा, डिस्ट्रिक्ट कोर्ट, त्यावर सर्किटचं अपील कोर्ट, त्यावर सुप्रीम कोर्ट, आणि राज्यांची कोर्टं वेगळी, त्यांचं पण सर्वोच्च कोर्ट असतं, आणि न्यूयॉर्कमध्ये तर सुप्रीम कोर्ट हे खालचं कोर्ट आहे, तिथे भलेभले फसतात. खटल्याचं नाव आलं की निकाल काय लागला ते त्याच वाक्यात द्या, वाचणाऱ्याला शोधायला लावू नका. "त्या म्हणाल्या", "ते लिहितात" हे आदरार्थी रूप धरलं की शेवटपर्यंत धरा, मध्येच "तिने केस जिंकली" होतं ते फार खटकतं.

आणि शेवटी तारखा, लेख पाठवायच्या आदल्या दिवशी, एकट्या तारखा घेऊन बसायचं. लॉ रिव्ह्यूचा एक खंड दोन सालांत पसरलेला असतो, नोव्हेंबर ते जून वगैरे, त्यामुळे खंडावरून साल काढू नका, लेखाचं साल बघा. नेमणुकीचं साल आणि शिकवायला सुरुवात केल्याचं साल वेगळं असू शकतं कारण वर्ष शरद ऋतूत सुरू होतं. खटल्यात युक्तिवादाची तारीख आणि निकालाची तारीख वेगळी, फ्रंटिएरोचा युक्तिवाद जानेवारीत आणि निकाल मे १९७३ मध्ये. न्यायाधीश झालेल्यांच्या बाबतीत तर नाव जाहीर होणं, सिनेटची मंजुरी आणि शपथ अशा तीन तारखा असतात, गिन्सबर्ग यांचं नाव जून १९९३ मध्ये पुढे आलं, ३ ऑगस्टला सिनेटने ९६ विरुद्ध ३ मतांनी मंजूर केलं, शपथ १० ऑगस्टला. तुम्ही कुठली तारीख देताय ते शब्दात लिहा, नुसतं "१९९३ मध्ये न्यायमूर्ती झाल्या" चालेल, पण "३ ऑगस्टला पदभार स्वीकारला" हे चूक आहे आणि असं छापलेलं मी स्वतः वाचलंय.